मशीन शॉपचे हिशेब केवळ कर भरण्यासाठी लिहिले जातात. व्यवस्थापनासाठी त्यांतून काय मिळवता येईल?

प्रश्न: शिरोली_टर्निंग

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचे भागीदारीतले मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर (ओतीव भागांवर) टर्निंग, ड्रिलिंग आणि मिलिंग करून देणे हे आमचे मुख्य काम. आठ सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर आणि तीन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन) आहेत, काम दोन पाळ्यांत चालते आणि वर्षाची उलाढाल १ कोटी ८० लाखांच्या आसपास असते. वडिलांनी आणि काकांनी उभा केलेला हा व्यवसाय आता मी आणि माझा चुलतभाऊ पाहतो.

हिशेबासाठी टॅली आहे. लेखापाल अर्धवेळ येतात, विक्रीची आणि खरेदीची बिले चढवतात, जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जातात, बँकेला दरमहा स्टॉक स्टेटमेंट जाते आणि वर्षअखेरीस करसल्लागार ताळेबंद काढून देतात. कायद्याच्या बाजूने तक्रार करण्यासारखे काही नाही. अडचण अशी की, मागील ताळेबंदात १६ लाखांचा नफा दिसत असूनही सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाचे) खाते कायम मर्यादेला टेकलेले असते आणि पगाराच्या तारखेला धावपळ होते. तो नफा नेमका कोणत्या कामातून आला, हेही आम्हाला सांगता येत नाही. आमचा सर्वांत मोठा ग्राहक सध्या दरात ५ टक्के कपात मागत आहे. होकार द्यावा की नकार, हे आम्ही दोघे भाऊ केवळ अंदाजाने ठरवणार आहोत, आणि तेच मला खटकते.

एका विक्रेत्याने ईआरपी (उत्पादन, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) घेण्याचा आग्रह धरला आहे. ती घ्यावी, की आहे त्याच प्रणालीतून निर्णयाला उपयोगी पडेल अशी माहिती मिळू शकते? लहान कारखान्याच्या मालकाने हिशेबातले नेमके काय आणि किती वेळा पाहावे?

उत्तर १: सीएमए_पुणे

आपली हिशेब-प्रणाली आजवर ज्यांनी प्रश्न विचारले त्यांना उत्तरे देत आली आहे. जीएसटी विभागाने विचारले, बँकेने विचारले, आयकर खात्याने विचारले. मालकाने मात्र काही विचारलेच नाही, म्हणून त्याच्या उपयोगाचा तपशील नोंदीतच उतरला नाही. ‘विक्री’ हे एकच खाते, ‘वीज’ एकच, ‘टूल्स’ एकच, अशी मांडणी असेल तर वर्षअखेरीस कोणतेही सॉफ्टवेअर ती रक्कम कामनिहाय फोडून दाखवू शकत नाही. जे नोंद करताना वेगळे ठेवले नाही, ते अहवालात वेगळे निघत नाही.

जॉबवर्क (ग्राहकाच्या मालावर मजुरीने काम) करणाऱ्या मशीन शॉपमध्ये सर्वांत मोलाचा आकडा म्हणजे मशीनच्या एका तासाचा खर्च. उदाहरण म्हणून एका टर्निंग सेंटरचा महिन्याचा खर्च मांडू: घसारा २०,००० रुपये, कर्जाचे व्याज १०,०००, दोन पाळ्यांच्या ऑपरेटरांचा पगार ३६,०००, वीज १३,०००, देखभाल ६,००० आणि भाडे, तपासणी विभाग, सुपरवायझर, कार्यालय यांचा त्या मशीनच्या वाट्याला येणारा भाग २७,०००. बेरीज १,१२,००० होते. दोन पाळ्या आणि २५ दिवस धरून कागदावर ४०० तास उपलब्ध असतात, त्यामुळे पुष्कळ जण ४०० ने भागून २८० रुपये तास असा दर काढतात. प्रत्यक्षात वीज जाणे, ऑपरेटरची गैरहजेरी, कास्टिंग वेळेवर न येणे, गेज (माप तपासण्याचे साधन) नसणे, दुरुस्ती या सगळ्यांत तास जातात आणि सेटिंग (नव्या कामासाठी मशीनची जुळणी) धरून मशीन कामात असते ती समजा २८० तास. मग खरा दर ४०० रुपये होतो.

आता एक काम घेऊ. सायकल टाइम ६ मिनिटे आणि नग लावण्या-काढण्यास दीड मिनिट, म्हणजे तासाला ८ नग. दर नगाला ६२ रुपये मिळतात आणि इन्सर्टचा (झिजल्यावर बदलायच्या कापणाऱ्या टोकाचा) खर्च ४ रुपये येतो. २८० रुपये तास धरला तर नगाचा खर्च ३९ रुपये निघतो आणि काम सोन्यासारखे वाटते. ४०० रुपये धरला की तोच खर्च ५४ होतो. त्यात सेटिंग अजून धरलेलेच नाही. सेटिंगला दोन तास लागत असतील आणि ग्राहक एका वेळी ६० नगांचीच बॅच पाठवत असेल, तर ८०० रुपये ६० नगांवर पडतात, म्हणजे नगामागे १३ रुपये. एकूण खर्च ६७ आणि नगामागे ५ रुपये तोटा. हेच नग ३०० च्या बॅचने आले तर सेटिंगचा भार पावणेतीन रुपयांच्या आत राहतो, एकूण खर्च ५७ च्या थोडा खाली येतो आणि त्याच दरात ५ रुपये सुटतात. (रिजेक्शन यात धरलेले नाही, ते धरल्यास चित्र आणखी घट्ट होते.)

हे गणित दरमहा आपोआप निघावे यासाठी नोंदींत थोडाच बदल करावा लागतो. विक्रीच्या बिलात ‘मशीनिंग चार्जेस’ असा एकच शब्द न लिहिता प्रत्येक पार्ट नंबर स्वतंत्र स्टॉक आयटम म्हणून ठेवावा, म्हणजे पार्टनिहाय आणि ग्राहकनिहाय विक्री एका कळीवर मिळते. प्रत्येक मशीनला, किंवा निदान मशीनच्या गटाला, कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा नोंदवण्याचे नाव) द्यावे; इन्सर्ट कपाटातून बाहेर निघताना कोणत्या मशीनला दिले हे लिहावे आणि शक्य असल्यास सबमीटर बसवून महावितरणचे बिल त्या प्रमाणात वाटावे. या जोडीला उत्पादनाचा रोजचा तक्ता हवा: मशीन, पार्ट नंबर, सेटिंगचा वेळ, चांगले नग, रिजेक्शन, मशीन बंद राहिल्याचा वेळ आणि कारण. हा तक्ता हिशेबाच्या वहीत मोडत नाही, तरीही त्याच्याशिवाय वरील ४०० आणि २८० यांतला फरक कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही.

नफा आहे आणि पैसा नाही, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. १६ लाखांच्या नफ्यात घसारा परत मिळवा, कारण तो खर्च रोखीने जात नाही. समजा तो १८ लाख आहे. हाती आले ३४ लाख. त्यातून कर्जाच्या हप्त्यांतील मुद्दल २० लाख गेले, भागीदारांची उचल ९ लाख झाली आणि वर्षभरात येणी ११ लाखांनी वाढली, तर ६ लाखांची तूट पडते आणि ती सीसी खात्यावर जाऊन बसते. मुद्दल, उचल आणि वाढलेली येणी यांपैकी एकही गोष्ट नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. आपले आकडे घेऊन हीच वजाबाकी करून पाहा. मला वाटते, दोष येण्यांतच सापडेल.

उत्तर २: गोकुळ_शिरगाव_जॉबवर्क

वरील मांडणी योग्य आहे, पण तिचा अर्थ घाईने लावू नये, एवढ्यासाठी लिहितो. ६७ रुपये खर्च आणि ६२ रुपये दर पाहून कोणी ते काम उद्याच परत करील, आणि महिनाअखेरीस तोटा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसेल. घसारा, व्याज, भाडे, सुपरवायझर आणि बहुतांशी ऑपरेटरचा पगारसुद्धा मशीन बंद असले तरी चालूच राहतो. त्या नगामुळे खरोखर वाढणारा खर्च म्हणजे सुमारे ६ रुपयांची वीज आणि ४ रुपयांचे इन्सर्ट. उरलेले ५२ रुपये स्थिर खर्च भागवायला हातभार लावतात. ६० च्या बॅचमध्ये सेटिंगचे दोन तास धरले तरी मशीनच्या प्रत्येक तासामागे सव्वातीनशे रुपयांच्या वर पडतात. मशीन रिकामे असेल तर हे काम ठेवावे. मशीन भरलेले असेल आणि दुसरे काम तासाला चारशे देत असेल तर हे सोडावे. निर्णय नगामागच्या नफ्यावर नाही, अडून बसलेल्या मशीनच्या तासामागे काय उरते यावर घ्यावा. मात्र सगळीच कामे अशा ‘काहीतरी सुटते’ या हिशेबाने घेतली तर नवे मशीन घेण्याची वेळ येईल तेव्हा हाती काही नसेल, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

येण्यांविषयी. तीन-साडेतीन महिन्यांची येणी आमच्या भागात कोणाला नवी वाटत नाहीत. पण मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटी पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे ग्राहकाच्या वतीने आपण पदरचा कर भरून वाट पाहत बसतो. आपली उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु उपक्रम म्हणून असेल तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसच. आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. प्रत्यक्षात ग्राहक तुटेल या भीतीने हे व्याज आपल्यापैकी फारसे कोणी मागत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या, ४३बी(एच) या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या आयकराच्या तरतुदीने मात्र काही फरक पडला आहे, कारण मुदत ओलांडलेली रक्कम ग्राहकाने आपल्याला प्रत्यक्ष दिली त्याच वर्षी त्याला ती खर्च म्हणून वजा करता येते. त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रत्येक ग्राहकाच्या लेखा विभागाला बिलनिहाय थकबाकीची यादी पाठवणे आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापणे, या दोन बिनखर्चाच्या गोष्टींनी मार्चमध्ये वसुली सुधारते. यादी बिलनिहाय अचूक असणे महत्त्वाचे. ‘एकंदर अमुक लाख येणे आहे’ अशा पत्राला कोणी उत्तर देत नाही.

आपल्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट: कास्टिंग ग्राहकाच्या मालकीची असतात आणि आपल्याकडे ती चलानावर येतात. आली किती, चांगली होऊन गेली किती, ब्लो होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघाल्यामुळे परत गेली किती, आपल्या हातून बिघडली किती, याचा पार्टनिहाय मेळ दरमहा ग्राहकाच्या स्टोअरशी घालून त्यांची सही घेतली नाही तर हिशेब कधीतरी अंगाशी येतो. आमच्याकडे एका ग्राहकाने आठ महिन्यांनी १४० कास्टिंग कमी असल्याचे सांगून ३१० रुपये नगाप्रमाणे ४३,४०० रुपयांची डेबिट नोट (आपल्या येण्यातून कपातीचे पत्र) लावली होती. त्यांतील बरीच कास्टिंग ब्लो होलमुळे परत गेलेली होती, पण त्या चलानांवर ‘कास्टिंग दोष’ की ‘मशीनिंग दोष’ हे लिहिलेलेच नव्हते. टॅलीत जॉबवर्कसाठी माल आत आणि बाहेर नोंदवण्याची सोय आहे. आम्ही आता परतीचे प्रत्येक कारण वेगळ्या गोदामाच्या नावाने नोंदवतो.

उत्तर ३: लेखापाल_इचलकरंजी

मी चार-पाच लहान कारखान्यांचे हिशेब अर्धवेळ लिहिते, म्हणून टेबलाच्या या बाजूने सांगते. वरील दोन्ही महाशयांनी सुचवलेले अहवाल टॅलीत आजही निघतात. ते निरुपयोगी ठरतात याचे कारण बहुधा आमच्यापर्यंत कागद अपुरे आणि उशिरा येतात हे असते. चलान टेम्पोच्या ड्रायव्हरकडे, इन्सर्टचे बिल सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये, आणि मालकांनी मोबाइलवरून केलेल्या पेमेंटचा तपशील फक्त मालकांच्या मोबाइलवर, अशी स्थिती असताना महिन्याचे हिशेब दीड महिन्याने पूर्ण होतात आणि तोवर निर्णयाची वेळ निघून गेलेली असते.

सर्वांत मोठे नुकसान ‘ऑन अकाउंट’ नोंदीमुळे होते. ग्राहकाकडून तीन लाख जमा झाले, ते कोणत्या बिलांपोटी हे कळले नाही, की आम्ही रक्कम ऑन अकाउंट टाकून मोकळे होतो. काही महिन्यांत थकबाकीच्या वयाचा अहवाल असा होतो की, एका बाजूला दोनशे दिवसांची जुनी बिले उभी आणि दुसऱ्या बाजूला न जुळवलेल्या जमा रकमा. अशी यादी ग्राहकाला पाठवली तर हसे होते. प्रत्येक जमा रकमेसोबत ग्राहकाचा पेमेंट ॲडव्हाइस (रक्कम कोणत्या बिलांची हे सांगणारा कागद) मागून घेणे आणि टीडीएस व कपातींसह ती बिलनिहाय जुळवणे, हे काम त्याच आठवड्यात झाले पाहिजे.

दुसरे असे की, महिन्याचे नफा-तोटा पत्रक पाहण्याची सवय लावण्यापूर्वी त्यातील खर्च त्या-त्या महिन्याचा आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पगार पुढील महिन्यात दिला की पुढील महिन्यात नोंदवला, विम्याचा वर्षाचा हप्ता एकाच महिन्यात पडला, इन्सर्ट एकदम दीड लाखाचे घेतले आणि सगळे त्याच दिवशी खर्ची टाकले, तर एप्रिलमध्ये भरघोस नफा आणि मेमध्ये तोटा असे भासते. त्यामुळे मालक घाबरतात किंवा, त्याहून वाईट, पत्रक पाहणेच सोडून देतात. पगार आणि वीज यांची तरतूद महिनाअखेरीस करणे, विमा बारा भागांत वाटणे आणि कपाटात शिल्लक असलेले इन्सर्ट मोजणे, एवढे केले तरी १० तारखेपर्यंत विश्वासार्ह पत्रक तयार होते. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचे विवरण) आले की खरेदीचा मेळ घालावा. पुरवठादाराने बिल दाखवले नसेल तर त्याचे पुढील पेमेंट करण्यापूर्वीच सांगता येते, नंतर त्याच्या मागे फिरावे लागत नाही.

बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटविषयी सावध राहावे. काही ठिकाणी शेडमध्ये पडलेली ग्राहकांची कास्टिंग स्वतःच्या मालात धरलेली मी पाहिली आहेत. तो माल आपला नाही. जॉबवर्क करणाऱ्याचे ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी पाहून बँक उचलू देते ती रक्कम) मुख्यतः येण्यांवरच उभे असते आणि सर्वसाधारणपणे बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी त्यातून वगळतात. म्हणून जुने बिल वसूल न होणे म्हणजे पैसे अडकणे आणि त्याच वेळी सीसीची उपलब्ध मर्यादाही घटणे, असा दुहेरी मार असतो. पगाराच्या तारखेची आपली धावपळ मला येथेच दिसते.

एक गोष्ट मी स्वतः लेखापाल असूनही सांगते: बिल करणे, जमा नोंदवणे आणि पेमेंट करणे ही तिन्ही कामे एकाच व्यक्तीकडे ठेवू नका. लहान कारखान्यात माणसे कमी असतात हे मान्य, पण पेमेंटची शेवटची मंजुरी आणि बँक स्टेटमेंटवर आठवड्यातून एकदा नजर ही मालकांनी स्वतःकडे ठेवावी. नोंदींतील प्रत्येक बदलाची खूण ठेवणारे सॉफ्टवेअर वापरण्याची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना लागू आहे. भागीदारी संस्थेला ती नाही. तरीही एडिट लॉग असलेली आवृत्ती घ्यावी. जुन्या तारखेला बदललेली नोंद कोणी आणि कधी बदलली हे दिसत असेल, तर प्रामाणिक लेखापालालाही त्याचे संरक्षणच मिळते.

शिरोली_टर्निंग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचून काल रात्री थकबाकीचा अहवाल उघडला आणि ताईंनी वर्णन केले तसेच निघाले: येणी ५२ लाख दिसतात, पण त्यांत ९ लाखांच्या जमा रकमा न जुळवलेल्या आहेत. पुढील पंधरवड्यात ते काम आधी पूर्ण करू.

दोन शंका राहतात. उत्पादनाचा तक्ता आम्ही पूर्वी सुरू केला होता, पण ऑपरेटर सेटिंगचा आणि बंद वेळेचा खरा आकडा लिहीत नाहीत. आणि ईआरपीचा प्रश्न अजून तसाच आहे.

गोकुळ_शिरगाव_जॉबवर्क

खरा आकडा लिहिल्याबद्दल ज्या दिवशी एखाद्याला बोलणी बसतात, त्या दिवसापासून तक्ता खोटा होतो. बंद वेळेच्या कारणांत ‘कास्टिंग नाही’, ‘गेज नाही’, ‘क्रेनची वाट’ ही व्यवस्थापनाच्या दोषाची कारणे आधी छापा आणि पहिले दोन महिने केवळ त्यांवर उपाय करा. ऑपरेटरला दिसले पाहिजे की लिहिल्याने त्याचेच काम सोपे होते. तक्त्यातील नग आणि गेटवरील चलानातील नग यांचा मेळ मात्र रोज घाला. ती पडताळणी कोणाच्याही प्रामाणिकपणावर अवलंबून नाही.

सीएमए_पुणे

ईआरपीबद्दल माझे मत असे की, तक्ता कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये सलग एक तिमाही नीट चालल्याशिवाय ती घेऊ नये. पार्टची नावे एकसारखी नाहीत, सायकल टाइम कोठे लिहिलेला नाही आणि चलान दुसऱ्या दिवशी येते, अशा अवस्थेत घेतलेली ईआरपी जुनाच गोंधळ अधिक महाग पडद्यावर दाखवते. तीन महिन्यांनी तक्त्याचे आकडे हाताने भरण्याचे काम खरोखर डोईजड झाले तर जरूर घ्यावी. तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी दाखवायला सांगण्याइतके आपणच तयार झालेले असाल. टॅलीशी नोंदी दुहेरी कराव्या लागतील का, आणि पुढे करार मोडला तर आपली माहिती आपल्याला कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या.

५ टक्क्यांच्या मागणीला नुसते हो किंवा नाही असे उत्तर देण्याची गरज नाही. माझ्या उदाहरणातील नगाला ५ टक्के म्हणजे ३ रुपये १० पैसे. ६० च्या बॅचवर ही कपात दिली तर नगामागचा तोटा ५ वरून ८ रुपयांवर जातो. ग्राहकाने महिन्याचे वेळापत्रक देऊन ३०० च्या बॅचने कास्टिंग पाठवली, तर कपात देऊनही दोन रुपयांहून थोडे अधिक सुटतात, आणि सेटिंग वारंवार करावे लागत नसल्याने मशीनचे तासही मोकळे होतात. त्या ग्राहकाच्या पहिल्या दहा पार्टचे सेटिंग आणि बॅचचे आकडे काढून बैठकीला जा. कपात त्यांपैकी ज्या पार्टना वेळापत्रक मिळेल त्यांनाच द्यावी, आणि पत्रात दराच्या ओळीखालीच बॅचची किमान संख्या आणि ४५ दिवसांची मुदत लिहून घ्यावी.